पडलेल्या फांदीतून मुद्गलांची जोडी: कामाच्या नोंदी

२३ नोव्हेंबर

ऑक्टोबरपासून सावलीत उभ्या करून ठेवलेल्या बाभळीच्या गोल फांद्या आज तपासल्या. सगळ्या तडकल्या आहेत. ११ सेंटिमीटर जाडीच्या, सरळ, थोडं तासलं की मुद्गल (व्यायामासाठी फिरवायचं, मूठ-मान बारीक आणि पोट जाड असलेलं लाकूड) होईल अशा फांद्या होत्या. आता प्रत्येकीला सालीपासून मधल्या भेंडापर्यंत एक उभी भेग गेली आहे. टोकांना मेण लावलं होतं, त्यामुळे टोकाकडून आत शिरणाऱ्या बारीक चिरा दिसत नाहीत. पण ही मोठी भेग मेणानं थांबणारी नव्हती.

कारण सरळ आहे. वाळताना लाकूड परिघाच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच बाहेरून भेंडाकडे जाणाऱ्या दिशेनं आकसतं. भेंड पोटात ठेवून अख्खा गोल ओंडका वाळवला की परिघ अपुरा पडतो आणि सगळ्यात कच्ची जागा सापडेल तिथे फाटतो. बारीक काठीला हे चालून जातं, मुद्गलाच्या जाडीला नाही. भेग पोटात राहिली तर एक वेळ सोसेल, पण यांतल्या बहुतेक भेगा मानेतून जातात. मानेत भेग असलेला मुद्गल डोक्यामागून फिरवायचा नसतो.

म्हणून आता अख्खी फांदी वापरायची नाही. जाड फांदी उभी फोडायची, भेंड काढून टाकायचं आणि प्रत्येक अर्ध्यातून एक मुद्गल काढायचा. त्यासाठी फांदी सालीशिवाय २० सेंटिमीटरपेक्षा जाड हवी. तडकलेल्या फांद्यांतल्या धडक्या तुकड्यांची मोगरी आणि पाचरी करतो आहे, त्या फोडण्याच्या कामाला येतील.

२९ नोव्हेंबर

वाऱ्यानं मोडून पडलेली बाभळीची फांदी मिळाली. झाडमालकाला विचारूनच उचलली. जाडी २२ सेंटिमीटर, मोडलेली जागा अजून ओली. पडलेली फांदी ताजी असणं फार महत्त्वाचं. महिनोन् महिने जमिनीला टेकून पडलेलं लाकूड खालून कुजलेलं असतं आणि वरून ते कळत नाही. मोगरीनं ठोकून बघावं: खणखणीत आवाज आला तर घ्यावं, बद्द आला तर सोडून द्यावं.

झाडाबद्दल थोडं. पांगारा आणि शेवगा मऊ आणि हलके, मुद्गलाला निरुपयोगी. आंबा चालतो, पण त्याला बुरशी आणि कीड लवकर लागते. चिंच उत्तम, मात्र वाळल्यावर हातानं तासायला अतिशय कठीण. कण्हेर विषारी आहे, तिचा भुसाही अंगावर घेऊ नये. बाभूळ वाळल्यावर लिटरमागे साधारण पाऊण किलो भरते, चिवट असते आणि धक्का सोसते. हत्यारांचे दांडे तिचे करतात ते याचसाठी.

३० नोव्हेंबर

मापं ठरवली. लयबद्ध जिम्नॅस्टिक्समधले क्लब ४० ते ५० सेंटिमीटर लांब आणि कमीत कमी १५० ग्रॅमचे असतात. ते झेलायचे, फेकायचे. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्वतंत्र स्पर्धा होती, तीही हलक्या क्लबांचीच. तालमीतले मुद्गल पार दुसऱ्या टोकाला, कित्येक किलोंचे. मला खांदे मोकळे करण्यासाठी एकेका हातात एक फिरवता येईल अशी जोडी हवी आहे, म्हणून वजन एक किलोच्या जरा आत.

लांबी ५२ सेंटिमीटर. टोकाचा गोळा ३ सेंटिमीटर उंच आणि साडेचार जाड. मूठ १२ सेंटिमीटर लांब, ३ जाड. मान आणखी १२, सरासरी ४ जाड. उरलेले २५ सेंटिमीटर पोट, सगळ्यात जाड जागी साडेआठ. प्रत्येक भागाचं घनफळ काढून बेरीज केली तर सुमारे १.३ लिटर होतं, म्हणजे बाभळीत साडेनऊशे-पावणेदहाशे ग्रॅम. कागदावरचा हा अंदाज करूनच फांदी कापावी. पोटाची जाडी एक सेंटिमीटरनं वाढवली तर वजन जवळजवळ दोनशे ग्रॅमनं वाढतं, हे आधी डोळ्यांना पटत नाही.

२ डिसेंबर

फोडण्याआधी ओंडका ओळखीच्या एका सुतारकाकांना दाखवला. त्यांनी तो दोनदा फिरवून बघितला आणि म्हणाले, "फांदी आहे ही, खोड नव्हे. वरची बाजू कुठली ते आधी शोध."

या एका वाक्यानं सगळं काम बदललं. आडव्या वाढलेल्या फांदीचं भेंड मधोमध नसतं. रुंद पानांच्या झाडांत फांदीचा भार पेलण्यासाठी वरच्या बाजूला जास्त आणि वेगळ्या जातीचं लाकूड तयार होतं, त्यामुळे भेंड खालच्या सालीकडे सरकलेलं दिसतं. माझ्या ओंडक्यात एका बाजूला सालीपर्यंतचं अंतर १३ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला ९. तेरावाली बाजू वरची. हे वरचं लाकूड ताणलेलं असतं, वाळताना लांबीतही आकसतं आणि कापताना त्याचे तंतू उठतात.

आता ओंडका आडवा फोडला असता, म्हणजे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, तर दोन मुद्गल दोन वेगळ्या लाकडांचे झाले असते: एक वाकडा होणारा, एक सरळ. वजनही जुळलं नसतं. म्हणून फूट वरून खाली, भेंडातून न्यायची. मग दोन्ही अर्ध्यांत वरचं लाकूड सारखंच येतं, फक्त एकात उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे. जोडी करायची असेल तर ही दिशा चुकता कामा नये, बाकी सगळं नंतर सुधारता येतं.

३ डिसेंबर

फांदीचा पहिला ६० सेंटिमीटरचा तुकडा वाया गेला. पाचरी बरोबर भेंडावर ठोकल्या, पण भेग सरळ न जाता दुसऱ्या टोकाला जवळजवळ पाव फेरा वळून बाहेर पडली. लाकडाच्या रेषा पीळ घेतलेल्या होत्या. आधी सालीची एक पट्टी सोलून आतल्या पृष्ठभागावरच्या बारीक रेषा बघितल्या की हे कळतं. रेषा तिरप्या गेल्या असतील तर भेगही तशीच जाणार.

करवतीनं उभं कापून असा तुकडा सरळ करता येतो, पण मग रेषा मुद्गलाच्या लांबीत न धावता मानेतून तिरप्या बाहेर पडतात, आणि अशी मान धक्क्याला तुटते. तो तुकडा सोडला.

फांदीचा पुढचा भाग सरळ रेषांचा निघाला. त्यातला ६० सेंटिमीटरचा तुकडा स्वच्छ फुटला. आधी टोकावर करवतीनं भेंडातून उथळ खाच, खाचेत पहिली पाचर, मग भेग जिथे पोचेल तिथे बाजूनं पुढची पाचर. लाकडी पाचरी लोखंडी पाचरींपेक्षा बऱ्या, हत्याराला लागल्या तरी धार जात नाही.

५ डिसेंबर

लाकूड ओलं असतानाच ढोबळ आकार काढला. ओली बाभूळ कुऱ्हाडीला आणि वाकसाला मऊ लागते, वाळल्यावर हेच काम कित्येक पट वेळ खाईल. प्रत्येक अर्ध्यावरून भेंड आणि त्याच्या आजूबाजूचं बोटभर लाकूड काढलं, साल पूर्ण काढली. पोटाला १० सेंटिमीटर आणि मान-मुठीला ६ सेंटिमीटर जाडी ठेवली. मूठ शेवटी ३ सेंटिमीटरची होणार असली तरी वाकणं आणि आकसणं यांसाठी एवढी शिल्लक हवीच.

टोकांना वितळवलेलं मेण दोनदा लावलं. वजन लाकडावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं: अ ३ किलो ४८० ग्रॅम, ब ३ किलो ४१० ग्रॅम.

१९ डिसेंबर

हळू वाळावं म्हणून दोन्ही तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते. आज पिशवी उघडली तर आत पाणी सुटलेलं आणि लाकडावर राखाडी बुरशी. बुरशी वरवरची आहे, घासल्यावर गेली. प्लास्टिक बंद. आता जाड कागदात गुंडाळून, जमिनीपासून उंच, वारा लागणार नाही अशा खोलीत आडवे ठेवले आहेत. महिन्यानंतर कागद काढायचा.

२५ जानेवारी

अ २ किलो ९१० ग्रॅम, ब २ किलो ८५० ग्रॅम. कागद काढला. पोटाच्या बुडाशी एकेक केसाएवढी चीर आहे, मानेत काही नाही. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं लक्षण हेच.

१४ मार्च

ब खाली पिवळट पीठ पडलेलं दिसलं. बाहेरच्या फिकट लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. हा किडा फिकट लाकडातल्या पिष्टावर जगतो, गडद गाभ्याला सहसा लागत नाही. औषध मारण्यापेक्षा त्या बाजूचं फिकट लाकूड वाकसानं गडद लाकूड दिसेपर्यंत तासून टाकलं, नाहीतरी ते पुढे जाणारच होतं. काढलेल्या छिलक्या घरात न ठेवता जाळल्या. अ सुद्धा तसाच तासला, म्हणजे दोघांची जाडी सारखी राहील. ज्यांच्या फांदीत फिकट लाकूडच जास्त आहे त्यांनी हे आधीच करावं.

तासल्यामुळे वजनाची मालिका तुटली, म्हणून नव्यानं सुरू केली: अ २ किलो ४९०, ब २ किलो ४६०.

१२ जून

अ २ किलो ३१०, ब २ किलो २९०. गेल्या तीन आठवड्यांत सुईही हलली नाही. जाडीच्या प्रत्येक इंचाला वर्षभर, असा जुना हिशेब सांगतात. कच्चा आकार आधी काढल्यामुळे आणि कोरड्या हवेमुळे बराच वेळ वाचला. वजन स्थिर होणं हाच खरा पुरावा, कॅलेंडर नव्हे.

तासायला घेणार होतो, पण हवा दमट होऊ लागली आहे. आत्ता बारीक काम केलं तर दोन महिन्यांत माप बदलेल.

२८ जुलै

फक्त वजन बघितलं. अ २ किलो ३६०. म्हणजे पन्नास ग्रॅम पाणी हवेतून परत आत गेलं. थांबलो ते बरं झालं.

१० ऑक्टोबर

वजन परत जूनच्या आकड्यावर आलं. काम सुरू.

सरळ पट्टी लावून बघितलं: दोन्ही तुकडे ६ मिलिमीटरनं वाकले आहेत, आणि दोन्ही फांदीच्या वरच्या बाजूकडेच. अगदी अपेक्षेप्रमाणे, एकमेकांचं प्रतिबिंब असल्यासारखे. जुनी मध्यरेषा पुसून टाकली. दोन्ही टोकांवर नवे मध्यबिंदू काढले, त्यांच्यामधून दोरा ताणला आणि चारही बाजूंना रेषा मारली. यापुढची सगळी मापं या रेषेपासून. लाकडाची कड कुठे आहे ते बघायचंच नाही.

११ ते १८ ऑक्टोबर

आधी चौकोन, मग अष्टकोन, मग सोळा बाजू, मग गोल. थेट गोल करायला गेलं की कुठे किती लाकूड गेलं याचा पत्ता लागत नाही. चौकोनातून अष्टकोन काढताना प्रत्येक बाजूचे ७:१०:७ असे भाग पाडायचे आणि दोन खुणांच्या बाहेरचा कोपरा उडवायचा. ९ सेंटिमीटरच्या बाजूला कोपऱ्यापासून २.६ सेंटिमीटरवर खूण येते. मुठीकडे बाजू लहान होत जाते, म्हणून खुणा दर पाच सेंटिमीटरला वेगळ्या काढून जोडल्या.

हत्यारं: पोटाला रंधा, मानेच्या उताराला पटाशी आणि गोल पाठीची खरबरीत कानस. प्लायवूडच्या पट्टीत ३, ४, ६ आणि ८.५ सेंटिमीटरच्या खाचा कापल्या. खाच लाकडावर बसली की त्या जागी थांबायचं. दोन्ही मुद्गल एकाच वेळी पुढे न्यायचे: एकाची मान झाली की लगेच दुसऱ्याची. एक पुरा करून दुसरा त्याच्यासारखा करायला गेलं तर हात वेगळा पडतो.

सगळ्यात जास्त वेळ मानेनं खाल्ला. तिथे रेषांच्या उलट दिशेनं पटाशी चालवली की लाकूड आत फाडत जातं. मानेच्या दोन्ही बाजूंकडून खोल भागाकडे, उताराच्या दिशेनंच काम करायचं. अ ला मानेच्या वरच्या अंगाला तंतू उठून मखमलीसारखा पृष्ठभाग झाला, तेच ताणाचं लाकूड. पॉलिश पेपर मारला की ते तंतू आडवे पडतात आणि पुन्हा उठतात. तेवढ्याच जागी तेलाचा एक हात देऊन, तो वाळून कडक झाल्यावर घासलं तेव्हा ते कापले गेले.

टोकाच्या गोळ्याखाली काटकोनी खाच काढायची नाही. गोळ्याच्या बाहेर आलेल्या काठात लाकडाच्या रेषा आखूड असतात, खाच तीक्ष्ण असेल तर तिथून खपली उडते. मुठीतून गोळ्याकडे सावकाश चढत जाणारा उतार ठेवला. करंगळीलाही तो बरा बसतो.

बुडातल्या चिरा: त्याच लाकडाच्या पातळ पाचरी डिंक लावून हलक्या हातानं बसवल्या. भुसा आणि डिंकाचं मिश्रण आधी एका चिरेत भरून पाहिलं होतं, वाळल्यावर सैल होऊन निघून आलं.

१९ ऑक्टोबर

वजनं: अ १ किलो २ ग्रॅम, ब ९६२ ग्रॅम. अ चं पोट सगळीकडून सारखं घासून त्यालाही ९६२ वर आणलं. काटा अगदी एकसारखा.

तरीही हातात घेतल्यावर जोडी वाटेना. डोक्यामागून फेरा घेताना अ खाली येताना ओढत होता, ब लवकर परत यायचा. वजन जुळणं म्हणजे जोडी जुळणं नव्हे. वजन कुठे आहे ते जुळलं पाहिजे.

२० ऑक्टोबर

पट्टीच्या कडेवर मुद्गल आडवा ठेवून तोलाची जागा शोधली. गोळ्याच्या टोकापासून अ ३४.९ सेंटिमीटर, ब ३४.१. आठ मिलिमीटर. ऐकायला थोडं वाटतं, हाताला ते स्पष्ट लागतं.

अजून एक चाचणी केली, ती सगळ्यांनी करावी अशी आहे. गोळ्याच्या लगेच खाली एकसारख्या दोऱ्याचे फास बांधून दोन्ही मुद्गल एका आडव्या दांड्याला शेजारी शेजारी टांगले आणि एकाच वेळी थोडेसेच मागे ओढून सोडले. या लांबीचा मुद्गल २० हेलकावे साधारण २५ सेकंदांत घेतो. सुरुवातीला दोघे बरोबर होते, पंचवीस-तीस हेलकाव्यांत अ मागे पडलेला दिसू लागला. काटा वजन सांगतो, पट्टी तोल सांगते. फिरवताना कसा लागेल ते हेलकावे सांगतात.

दुरुस्ती: अ च्या पोटाचं बूड जास्त गोलसर करून तिथून २० ग्रॅम काढले. ब च्या मान आणि मुठीवरून तेवढेच काढले. बुडाकडचं लाकूड काढलं की तोल मुठीकडे सरकतो, मुठीकडचं काढलं की पोटाकडे. नंतर दोघे ९४२ ग्रॅम, तोल ३४.६ आणि ३४.४. हेलकावे आता बराच वेळ बरोबर राहतात. दोन मिलिमीटर तसेच सोडले. ब ची मान याहून बारीक करायची नाही.

हे सगळं तेल लावण्याआधी करायचं, नंतर घासलं की डाग पडतात.

२४ ऑक्टोबर

पोट आणि मान ८०, १२०, २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं क्रमानं. मूठ १२० वरच थांबवली. गुळगुळीत मूठ घामानं सटकते, आणि सटकलेला मुद्गल समोरच्याला लागतो. व्हार्निश त्याच कारणानं नाही.

जवसाचं तेल, पातळ हात, पंधरा मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसून. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. खोबरेल तसं होत नाही, ते चिकटच राहतं. आणि एक गंभीर गोष्ट: तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते, ती गोळ्यात साठते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर लाकूड सोडून विकत लागलं ते मेण, डिंक, तेल आणि पॉलिश पेपर. पॉलिश पेपरच अंदाजापेक्षा फार जास्त गेला, कारण कानशीच्या खोल खुणा पेपरनं काढत बसलो. बारीक कानस मध्ये वापरली की निम्मा वाचतो.

१५ नोव्हेंबर

तेलाचे तीन हात झाले, वास गेला, फिरवणं सुरू आहे. पहिले काही दिवस मोकळ्या जागेत, आजूबाजूला कोणी नसताना. रोज फिरवण्याआधी मानेवर बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकतो आणि नख फिरवून बघतो. बुडातल्या पाचरी जागच्या जागी आहेत.

घरातल्या आणखी एकांनाही हे वापरायचे आहेत आणि त्यांच्या हाताला ३ सेंटिमीटरची मूठ जाड होते. मूठ २.७ वर आणली तर दोन्हींतून सारखंच लाकूड जाईल, तोल थोडा पोटाकडे सरकेल. पुढच्या आठवड्यात ते करून हेलकाव्यांची चाचणी पुन्हा घेणार आहे. पीळ असलेल्या त्या पहिल्या तुकड्याच्या एका टोकाला ३५ सेंटिमीटर सरळ लाकूड निघालं आहे. मुलांच्या आखूड जोडीसाठी ते पुरेल का, ते भेंड काढून झाल्यावर कळेल.